नोंद आणि दखल

सरकारी कचेरीत चौदा वर्षे, म्हणजे रामाच्या वनवासाइतका काळ काढला, की माणसाला एक गोष्ट निश्चित कळून चुकते. नोंद घेणे आणि दखल घेणे या दोन क्रिया एक नव्हेत. आलेला प्रत्येक कागद आवक वहीत चढतो, त्यास क्रमांक मिळतो, तारीख मिळते. पण तेथून पुढे तो कोणाच्या मनास शिवेलच असे नाही. उलट कित्येकदा नोंद झाली या समाधानातच दखल घेण्याची निकड विरून जाते. आमची मराठी भाषा मोठी सावध. तिने या दोन गोष्टींसाठी दोन शब्द राखून ठेवले आहेत आणि आम्ही कारकून मंडळी मात्र ते एकमेकांच्या जागी वापरीत असतो.

हा विचार पुन्हा मनात येण्यास एक लहानसे निमित्त घडले. आमच्या कार्यालयातील एका भगिनीची कन्या अमेरिकेत बोस्टन शहरी उच्च शिक्षणासाठी गेली आहे. विद्यापीठाच्या वसतिगृहात जागा न मिळाल्याने ती तीन मैत्रिणींसह गावात भाड्याने राहते. सत्र सुरू होताच विद्यापीठाने तिच्याकडे राहत्या घराचा पत्ता, खोलीच्या क्रमांकासह, मागितला आणि तो नगरपालिकेस कळविला जाईल असेही सांगितले. आईच्या मनात साहजिकच शंका आली. "परक्या देशात माझी मुलगी कोठे राहते हे सरकारला कशाला हवे?" असे त्यांनी आम्हांस विचारले. आम्ही त्या वेळी काहीतरी थातुरमातुर उत्तर दिले. तथापि प्रश्न मनातून गेला नाही. कारण तो एका आईचा असला तरी एकट्या बोस्टनचा नव्हता. कोण कोठे राहतो हे विचारण्याचा अधिकार नगराला आहे काय, आणि असल्यास तो कोणत्या अटीवर, हाच खरा प्रश्न.

बोस्टनची हकीकत थोडक्यात अशी. त्या शहरात विद्यापीठे पुष्कळ आणि वसतिगृहे अपुरी. त्यामुळे हजारो विद्यार्थी जुन्या लाकडी घरांतून भाड्याने राहतात. २८ एप्रिल २०१३ रोजी ऑलस्टन भागातील अशाच एका घरास आग लागली आणि वरच्या मजल्यावर अडकलेल्या एका विद्यार्थिनीचा अंत झाला. पुढे मे २०१४ मध्ये तेथील 'बोस्टन ग्लोब' या दैनिकाने विद्यार्थ्यांच्या घरांतील गर्दीविषयी एक लेखमाला प्रसिद्ध केली आणि त्याच वर्षी नगरसभेने आपला जुना नियम कडक केला. त्यानुसार विद्यापीठांनी आवाराबाहेर राहणाऱ्या आपल्या विद्यार्थ्यांचे पत्ते नगरास कळवावयाचे. विद्यार्थी पदवीपूर्व आहे की पदव्युत्तर, पूर्णवेळ की अर्धवेळ, एवढी वर्गवारी त्यासोबत द्यावयाची. एका घरात चारांहून अधिक पूर्णवेळ पदवीपूर्व विद्यार्थी राहू नयेत, असा निर्बंध तेथे २००८ पासून आहे. कोठे गर्दी झाली आहे हे पत्त्यांवरून ताडून निरीक्षकांनी ते घर पाहावे, असा यातील हेतू. शिवाय २०१२ च्या अखेरीस संमत झालेल्या दुसऱ्या एका नियमाने भाड्याच्या घरांची दरवर्षी नोंदणी आणि ठरावीक मुदतीने तपासणी हे मालकांचे कर्तव्य ठरले.

विद्यार्थ्यांच्या बरोबरीने तेथे दुसरीही एक नोंद ठेवली जाते, ती स्वस्त घरांची. २००० पासून त्या शहरात असे धोरण आहे की मोठी इमारत बांधणाऱ्याने काही घरे मध्यम व अल्प उत्पन्नाच्या कुटुंबांसाठी कमी दराने द्यावीत. परंतु घर एकदा दिले म्हणजे काम संपले असे होत नाही. ज्याला ते मिळाले तोच त्यात राहतो काय, की त्याने ते चढ्या भाड्याने दुसऱ्यास दिले, हे पाहावे लागते. नाही तर गरिबाच्या नावाने बांधलेले घर हळूहळू बाजारात जाऊन मिळते. म्हणून अशा घरांची यादी ठेवणे आणि त्यांवर लक्ष ठेवणे आले.

वरकरणी हे सारे सरळ दिसते. पण थोडे खोल गेले की अडचण दिसू लागते. चारांची मर्यादा घाला असे म्हणणे सोपे आहे. परंतु एकाच घरात सहा जणांनी राहणे हा गरीब विद्यार्थ्याचा परवडण्याचा एकमेव मार्ग असू शकतो. निरीक्षक आला आणि त्याने दोघांस बाहेर काढले, तर उरलेल्या चौघांचा वाटा वाढतो आणि काढलेले दोघे आणखी वाईट जागी जातात. आगीपासून वाचविण्यासाठी केलेली नोंद घर घालविण्यास कारण होते. ज्याच्या हितासाठी विचारले, त्यालाच उत्तर देण्याची भीती वाटू लागते आणि मग तो खोटे बोलतो. त्या माउलीची शंका म्हणून आम्हांस भाबडी वाटत नाही.

आता दूर न जाता आपण राहतो त्या दिल्लीकडे वळू. येथेही भाडेकरूची नोंद आहे. घर भाड्याने देताना मालकाने भाडेकरूची माहिती पोलिसांकडे देऊन पडताळणी करून घ्यावी, असे आदेश फौजदारी प्रक्रियेच्या जुन्या संहितेतील कलम १४४ खाली निघत असत. १ जुलै २०२४ पासून नवी संहिता आल्यावर ते कलम १६३ खाली निघतात. त्या अर्जात भाडेकरूचे छायाचित्र लागते, मूळ गावचा पत्ता लागतो, पूर्वीचे बिऱ्हाड, व्यवसाय आणि ओळखपत्र लागते. बदलीच्या नोकरीत आपल्यापैकी बहुतेकांनी हा कागद केव्हा ना केव्हा भरलेला असेल. तो भरताना आमच्या ध्यानात न आलेली एक गोष्ट आज लख्ख दिसते. त्या कागदावर आमच्या चारित्र्याची चौकशी होती. घराच्या चारित्र्याची नव्हती. जिना किती, दार कोणत्या बाजूस उघडते, विजेचे मीटर कोठे बसविले आहेत, यांविषयी त्यात चकार शब्द नव्हता.

याची किंमत काय होते हे दिल्लीने गेल्या काही वर्षांत पाहिले आहे. १५ जून २०२३ रोजी मुखर्जीनगरातील एका शिकवणीवर्गाच्या इमारतीस आग लागली आणि मुले खिडक्यांतून दोर व तारा धरून खाली उतरली. त्याच भागात २७ सप्टेंबर २०२३ रोजी मुलींच्या एका निवासास आग लागली. ती जिन्याजवळच्या मीटरच्या फळीपासून भडकली आणि वर जाण्याउतरण्यास जिना एकच होता. सुमारे ३५ मुली सुखरूप बाहेर काढल्या गेल्या, हे दैव. २७ जुलै २०२४ रोजी मात्र दैव आडवे आले. जुन्या राजेंद्रनगरात एका वर्गाच्या तळघरातील अभ्यासिकेत पावसाचे पाणी शिरले आणि तीन विद्यार्थी बुडून मरण पावले. तळघराची परवानगी साठवणीसाठी आणि वाहने ठेवण्यासाठी होती. त्याच्या गैरवापराविषयीची तक्रार महिनाभर आधीच नोंदविली गेली होती, असे वृत्तपत्रांनी नंतर छापले. म्हणजे नोंद झाली होती. दखल तेवढी राहिली होती.

यावरून काही मंडळी म्हणतील की नोंदवही हे इंग्रजांनी दिलेले लोढणे आहे. आपले पूर्वज एकमेकांस ओळखत, त्यांना कागद लागत नसे. इतिहास असे सांगत नाही. कौटिल्याच्या अर्थशास्त्राच्या दुसऱ्या अधिकरणात नगराच्या अधिकाऱ्यासंबंधी एक संपूर्ण अध्याय आहे. त्यात दहा, वीस किंवा चाळीस कुटुंबांमागे एक गोप नेमलेला आहे आणि त्याने प्रत्येक स्त्रीपुरुषाची जात, गोत्र, नाव, व्यवसाय, एवढेच काय, जमाखर्चही ठाऊक करून घ्यावयाचा आहे. धर्मशाळेच्या चालकाने उतरू आलेल्यांची वर्दी द्यावयाची. गृहस्थानेसुद्धा घरी आलेल्या व घरून गेलेल्या पाहुण्याची खबर द्यावयाची. न दिल्यास त्या रात्रीच्या अपराधाचा दोष त्याच्या माथी, आणि रात्र निर्विघ्न गेली तरी तीन पण दंड. आजचा पोलीस पडताळणीचा अर्ज या गोपाने वाचला तर त्यास तो ओळखीचा वाटेल.

परंतु त्याच अध्यायात दुसराही एक भाग आहे, आणि आपल्या प्रश्नाच्या दृष्टीने तोच आम्हांस अधिक मोलाचा वाटतो. उन्हाळ्यात आगीपासून सावध कसे राहावे हे तेथे तपशीलवार सांगितले आहे. घरोघरी पाण्याचे घडे, शिडी, कुऱ्हाड ठेवावी. हमरस्त्यांवर पाण्याची भांडी रांगेने मांडून ठेवावीत. साधने न ठेवणाऱ्यास दंड व्हावा. आणि आग लागली असता विझविण्यास न धावणाऱ्या घरमालकास बारा पण दंड, तर भाडेकरूस सहा. ज्याच्या हाती घर त्याचे उत्तरदायित्व दुप्पट, हे गणित दोन हजार वर्षांपूर्वीच्या त्या कठोर ग्रंथकारासही मान्य होते. जो गोत्र विचारतो त्याने पाण्याचा घडाही पाहिला पाहिजे. आपण मात्र अध्यायाचा पूर्वार्ध तेवढा घेतला आणि उत्तरार्ध वाळवीस दिला.

आपल्याकडे नोंदीवाचून काळजी घेण्याची रीत नव्हती असे नाही. पुण्यास शिकावयास आलेला गरीब मुलगा वार लावून जेवत असे. सोमवार एका घरी, मंगळवार दुसऱ्या घरी. त्याची यादी कोणत्याही कचेरीत नव्हती. ती सात घरच्या गृहिणींच्या ध्यानात होती, आणि बुधवारचा मुलगा आला नाही तर बुधवारी कोणीतरी विचारपूस करी. हे चित्र मनोहर आहे खरे. पण ते अर्धेच आहे. वार मिळावयाचा तो जात पाहून. ज्याला कोणी पंक्तीस बसवीत नसे, त्याच्यासाठी आठवड्यात एकही वार नव्हता. राजर्षी शाहू महाराजांनी १९०१ पासून कोल्हापुरात निरनिराळ्या समाजांच्या मुलांसाठी वसतिगृहे उभी करण्यास प्रारंभ केला, त्याचे कारण हेच. ओळखीवर चालणारी दया ओळखीपाशीच थांबते. अनोळखी माणसापर्यंत पोहोचावयाचे असेल तर यादी लागते, इमारत लागते, हिशेब लागतो. तेव्हा नोंदवही टाकून द्या असे म्हणणाऱ्यांच्या पंक्तीस आम्ही बसू शकत नाही.

येथवर आम्ही जे लिहिले ते कोणीही थोडे वाचन केलेला मनुष्य लिहू शकेल. आता जे लिहावयाचे आहे ते लिहिण्यास हात जड होतो.

आम्ही रामकृष्णपुरम येथे सरकारी निवासस्थानात राहतो. त्यासाठी घरभाडेभत्ता सोडावा लागतो हे खरे. पण परवाना-शुल्क म्हणून पगारातून कापले जाते ते काही शेकड्यांतच, आणि बाहेर त्या रकमेत दिल्लीत पलंगही मिळणार नाही. बोस्टनच्या त्या स्वस्त घरांची आमच्यापुरती आवृत्ती ती हीच. हे घर मिळावे म्हणून आमचे कित्येक सहकारी यादीत वाट पाहत आहेत. त्यात जवळच्या नातलगांस ठेवण्यास प्रत्यवाय नाही. परक्यास भाड्याने देण्यास मात्र सक्त मनाई आहे.

सप्टेंबर २०२३ ची ती आग लागली तेव्हा आमचा भाचा स्पर्धापरीक्षेच्या तयारीसाठी मुखर्जीनगरात राहत होता. बहिणीने घाबरून दूरध्वनी केला आणि ऑक्टोबरात आम्ही त्यास घरी आणले. त्याच्यासोबत त्याचा परभणीकडील एक मित्रही आला. मुलगा सालस, बाप कोरडवाहू शेतकरी. दोन खोल्यांपैकी एक आम्ही त्या दोघांस दिली. मित्राचे वडील दरमहा ५००० रुपये पाठवू लागले. त्यास आम्ही जेवणाचा खर्च म्हणत असू. आमच्या सौभाग्यवतींनी एकदा हिशेब मांडून दाखविला की त्यातील निम्म्याहून अधिक रक्कम उरते. आम्ही तो हिशेब पाहिला आणि वही मिटून ठेवली.

फेब्रुवारी २०२४ मध्ये एका सकाळी तपासणीसाठी निरीक्षक आले. घरात कोण कोण राहते असे त्यांनी विचारले. दोघेही मुले समोर उभी होती. "दोघेही भाचे," असे आम्ही म्हणालो. शब्द फार सहज बाहेर पडले. तो मुलगाही आम्हांस मामाच म्हणत असे. निरीक्षकांनी लिहून घेतले आणि ते गेले. चौदा वर्षे दुसऱ्यांच्या कागदांतील खोट्या मजकुराखाली लाल रेघ ओढणाऱ्या माणसाने त्या दिवशी एक खोटी नोंद स्वतःच्या तोंडाने घालविली.

आम्ही मनाशी समर्थन केले. मुलास छप्पर मिळाले, कोणाचे काही गेले नाही, नियम आंधळे असतात. यातील पहिले वाक्य खरे होते. दुसरे खरे नव्हते. कारण त्या घरात खोली देण्याइतकी सवड आम्हांस होती, आणि यादीतला एखादा सहकारी मुलाबाळांसह बाहेर बाजारभावाने भाडे भरीत होता. सरकारने आम्हांस दिलेली सवलत आम्ही थोडी थोडी करून विकत होतो. आणि तिसऱ्या वाक्याविषयी काय सांगावे! नियम आंधळे असतात असे म्हणणाऱ्याने आधी त्याच्या डोळ्यांवर हात ठेवलेला असतो.

मुलास मात्र ते बोलणे लागले. त्याने काही म्हटले नाही. पण मार्चमध्ये त्याने जुन्या राजेंद्रनगराजवळ दुसरी खोली पाहिली आणि तो गेला. आम्ही पत्ता विचारला नाही. त्याच्या जाण्याने सुटल्यासारखे वाटले, हे कबूल केले पाहिजे. पुढे २७ जुलैच्या रात्री बातमी आली. भाचा घरीच होता. मित्राचा दूरध्वनी लागेना. तो कोठे राहतो हे आम्हांस ठाऊक नव्हते. भाच्यास गल्ली ठाऊक होती, घर नव्हते. त्या रात्री आम्हांस समजले की ज्याचा पत्ता कोणाकडेच नसतो त्याचा शोध कोणी कोठून सुरू करावयाचा. आम्ही त्यास भाचा म्हणून नोंदवून वाचविले नव्हते. त्याचे खरे नाव कागदावरून पुसले होते. पहाटे तोच बोलला. तो सुरक्षित होता.

ऑगस्टमध्ये आम्ही त्याची खोली पाहून आलो. तिसरा मजला, जिना एकच, जिन्याच्या तळाशी विजेचे मीटर आणि त्यांना खेटून दोन मोटारसायकली व चपलांची फडताळे. मालकांनी पोलीस पडताळणी रीतसर केली होती आणि तो कागद त्यांनी आम्हांस अभिमानाने दाखविला. कागदात काही उणे नव्हते. आम्ही मोटारसायकली हलविण्याची विनंती केली, एक हलली.

तेव्हापासून त्या आईच्या प्रश्नास काय उत्तर द्यावयास हवे होते याचा आम्ही विचार करीत आलो. आज आमचे मत असे झाले आहे की प्रत्येक नोंद हे नोंदविणाऱ्याने स्वतःवर घेतलेले ऋण आहे. नगराने पत्ता विचारला की त्या क्षणापासून त्या पत्त्यावरचा जिना पाहण्यास नगर बांधले गेले. जिना पाहावयाचा नसेल तर पत्ता विचारण्याचाही त्यास अधिकार नाही. कारण मग ती केवळ पाळत होय. आणि जिना पाहून माणसास रस्त्यावर काढणे हेही ऋण फेडणे नव्हे. गर्दी आढळली तर दुसरे छप्पर कोणते, याचे उत्तर प्रश्न विचारणाऱ्याजवळ असले पाहिजे. बोस्टनच्या नियमात आम्हांस गुण दिसतो तो हा की पत्ते कळविण्याचा आणि नोंदणीचा भार त्याने विद्यापीठावर व मालकावर, म्हणजे बलवानांवर टाकला. जेथे तो नियम केवळ डोकी मोजून थांबेल तेथे तोही उणाच पडेल.

परंतु ऋण एकतर्फी नसते. राजाच्या वहीत खरे सांगणे हे प्रजेचे देणे आहे. आम्ही खोटे सांगितले तर वही आंधळी होते आणि तिच्या आंधळेपणाचे फळ भोगतो तो आमच्याहून दुबळा माणूस. दयेपोटी बोललेले असत्यही त्यास वाचवीत नाही. त्या दयेत दरमहा उरणारे अडीच हजारांहून अधिक रुपये मिसळलेले असतील तर तिला दया म्हणणेही कठीण. आपण सारे परगावी नोकरीवर आलेले लोक. गावाकडून एखादा मुलगा पत्त्याची चिठ्ठी घेऊन दारी येतो, हे आपल्यापैकी प्रत्येकाच्या बाबतीत घडते. त्यास जागा अवश्य द्यावी. पण खऱ्या नात्याने द्यावी, आणि नियम आड येत असेल तर नियमाशी उघड भांडावे.

मुलाच्या वडिलांनी पाठविलेल्या रकमेतून जेवणाचा खरा खर्च वजा करून उरलेले पैसे आम्ही त्यांस परत केले. ते घेण्यास ते तयार नव्हते. पुष्कळ समजूत घालावी लागली. त्यानंतर आम्ही संबंधित कार्यालयास पत्र लिहिले. त्यात अमुक महिन्यापासून अमुक महिन्यापर्यंत नातलग नसलेला एक विद्यार्थी आमच्याकडे राहत होता, त्याच्या वडिलांकडून इतकी रक्कम घेतली होती आणि तपासणीच्या वेळी दिलेली माहिती असत्य होती, एवढेच लिहिले. घर जाईल या भीतीने सौभाग्यवती दोन दिवस बोलल्या नाहीत. तिसऱ्या दिवशी पाकिटास तिकीट त्यांनीच लावले. पत्राची पोच आली आहे, तीवर आवक क्रमांक आहे. म्हणजे नोंद झाली. दखलीची आम्ही वाट पाहत आहोत, आणि ती कोणत्याही स्वरूपात आली तरी तक्रार करणार नाही.

त्या मुलाचा पत्ता आता आमच्या रोजनिशीच्या पहिल्या पानावर लिहिलेला आहे. मोठा पाऊस झाला की आम्ही त्यास विचारतो. दुसरी मोटारसायकल अद्याप तेथेच आहे.